देवाला न चाललेला शेला

किराणा दुकानात सुपारी मागितली की दुकानदार अजूनही विचारतो, "खायची की पूजेची?" पूजेची म्हटलं की त्याचा हात आपोआप खालच्या डब्यात जातो. त्या डब्यातली सुपारी काळपट, दगडासारखी, अडकित्त्याखाली कधी यायचीच नाही अशी. तांदळाचं तेच, अक्षतांसाठी कणी चालते. खणाचंही तेच, ओटीचा म्हटलं की दुकानदार असं विरविरीत कापड पुढं टाकतो की ते कोणा बाईनं शिवून अंगात घातलं तर पहिल्या धुण्याला फाटावं. त्या दुकानदाराचा मला राग येत नाही. गिऱ्हाइकाला काय चालतं ते बघून तो बिचारा माल काढतो. राग येतो तो माझा मला, कारण एके काळी मीही देवासाठी असाच खालच्या डब्यात हात घातला होता. त्याबद्दल मला घरात कोणी साधी शिवीसुद्धा दिली नाही. दिली असती तर इतकी वर्षं हे आत राहिलं नसतं.

आमचं घर सोलापूरच्या भवानी पेठेत होतं. घर म्हणजे पुढं पडवी, मागं एक खोली, आणि पडवीत जमिनीत खड्डा करून बसवलेला हातमाग. खड्ड्यात पाय सोडून विणकर बसायचा आणि त्याच्या पाठीमागं एवढीच जागा उरायची की पाण्याचा हंडा घेऊन जाणाऱ्या बाईला अंग चोरून जावं लागे. आजूबाजूला बहुतेक तेलुगू विणकर. सकाळी गल्लीत ताणे, म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे, पसरलेले असत आणि लांब कुंचे फिरवून त्यांना पिठाची खळ लावायचं काम चाले. त्या आंबूस वासानं आमची सकाळ व्हायची. गिरणीचा भोंगा झाला की वडील मागावर बसत आणि दिवस मावळला की उठत.

वडिलांना मी आबा म्हणत असे. आबा भाविक होते असं कोणीही म्हटलं नसतं. रोजची पूजा आई करायची. उपास आईचे, सोमवार आईचे, पोथीलाही आईच जायची. आबांच्या गालात तंबाखू असायची आणि सूत तुटलं की तोंडातून असा शब्द बाहेर पडायचा की शेजारची म्हातारी कानावर हात ठेवायची. आई चिडवायची, "तुमच्या वाटचं पुण्य बी मीच कमावून ठिवती." आबा म्हणायचे, "कमाव की. माझं एका शेल्यात भागतंय."

तो शेला हीच आबांची सगळी भक्ती होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी महादेवाचं लहानसं देऊळ होतं. महाशिवरात्रीला पिंडीवर पितळेचा मुखवटा चढवत आणि त्याच्याभोवती कोरा पांढरा शेला गुंडाळत, सहा हात लांब, लाल काठाचा. तो शेला आमच्या मागावरचा असे. मला कळायला लागल्यापासून एकही शिवरात्र त्यावाचून गेली नव्हती.

हा शेला विणण्याची आबांची एक रीत होती आणि त्यात ते तसूभरही ढिलाई करत नसत. शेला विणायचा तो नव्या ताण्यावर, ताण्याच्या अगदी सुरुवातीला. जुन्या ताण्याच्या टोकांना नव्याची टोकं पीळ देऊन जोडलेली असतात. तो जोड पुढं सरकला की चार बोटं कापड सोडायचं आणि लगेच देवाचा शेला सुरू करायचा. गिऱ्हाइकाचं धोतर त्यानंतर. ताणा नवा असतो तेव्हा त्याची खळ ताजी असते, सूत गुळगुळीत असतं आणि सगळे धागे सारखे ताणलेले असतात. शेवटाकडं येईतो ते घासून पिंजतं, मधले धागे सैल पडतात आणि वीण ठोकायला फणी मारली की चार जागी तुटतात. ताण्याच्या शेवटावर लोक घरात वापरायची फडकी विणत.

दुसरी गोष्ट तोंडाची. सूत तुटलं की विणकर ते बोटात धरतो, जिभेला लावून ओलं करतो आणि पीळ देऊन जोडतो. आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की धोट्याच्या भोकाला ओठ लावून सूत बाहेर ओढून घेतो. दिवसातून शेकडो वेळा हे होतं आणि ते करताना माणसाला पत्ताही नसतो. शेल्याच्या दिवशी मात्र आबा पहाटे आंघोळ करून तंबाखू थुंकून टाकत, चूळ भरत आणि ओल्या धोतरानं मागावर बसत. डाव्या हाताला तांब्याची वाटी पाण्यानं भरलेली. सूत तुटलं की बोट वाटीत. धोट्यातून सूत ओढायला बारीक तारेचा आकडा. तोंड दिवसभर मिटलेलं. हाक मारली तर ओ देत नसत. आमच्यासारख्या पोरांना त्याची गंमत वाटायची, कारण एरवी शिव्यांनी भरलेली पडवी त्या दिवशी गप्प असायची आणि नुसता धोट्याचा आवाज यायचा.

मी एकदा विचारलं होतं, "एवढं कशापायी आबा? देव काय वास घेऊन बघतोय व्हय?"

ते म्हणाले, "आपलं उष्टं आपुन पाव्हण्याला तरी वाढतो का?" त्यापलीकडं त्यांनी कधी काही समजावून सांगितलं नाही.

तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या आगेमागे आबांचे डोळे जायला लागले. आधी काठाचा लाल धागा दिसेना, मग फणी दिसेना, मग माणसं आवाजानं ओळखू लागले. माग माझ्याकडं आला. पहिल्या वर्षी शेला मी विणला तेव्हा ते खड्ड्याच्या कडेला बसून होते आणि माझ्या हाताबरोबर त्यांची बोटं मांडीवर हलत होती. तो शेला मी नीट विणला, कारण शेजारी ते बसले होते. हे आज मला कबूल करायला हवं. देवाचा धाक मला कधीच नव्हता, होता तो आबांचा.

दुसऱ्या वर्षी थंडीत त्यांच्या छातीच्या दुखण्यानं उचल खाल्ली. दोन वाक्यं बोलले की धाप लागायची. पायांवर सूज आली. बाज आतल्या खोलीत नेली आणि तिथून ते माग ऐकत पडून राहायचे. शिवरात्र पंधरा-सोळा दिवसांवर आली तेव्हा त्यांनी मला बोलावलं.

"नवा ताणा चढला न्हवं?"

"व्हय आबा. काल सांधला."

"मग शेला धर. औंदाचा शेवटचा हाय माझा. मला कळतंय. नीट वीण, लेका. मन लावून वीण. येवढा एक पोचला म्हंजी झालं."

आबांनी माझ्याकडं आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवून "विणतो" म्हणालो. आणि त्या क्षणी मला खरंच विणायचा होता, हेही खोटं नाही.

पण त्याच दुपारी पेठेतला व्यापारी आला. लग्नसराईची धोतरं त्याला शिवरात्रीच्या आधी हातात हवी होती. तो पडवीत उभा राहून म्हणाला की जमत नसेल तर तसं सांगा, गल्लीत माग कमी नाहीत. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हणालो, आज धरतो. आणि नव्या ताण्याच्या सुरुवातीला मी धोतरं धरली. मनाशी ठरवलं की देवाचा शेला शेवटी करू. सहा हातांचा तर शेला, ताणा तोच, सूत तेच, विणणारा मीच. कापडाच्या कोणत्या टोकाला तो विणला हे मुखवट्याला काय कळणार? आबांना आत मागाचा आवाज येत होता. त्यांना वाटलं शेला चाललाय. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "झाला का?" मी म्हणालो, "चाललाय की." तेवढ्यावर त्यांचा चेहरा निवला. मला मात्र तो चेहरा बघवेना, म्हणून मी लगेच बाहेर आलो. पुढं त्यांनी पुन्हा विचारलं नाही, शेला झालाच असं धरून राहिले.

धोतरं झाली शिवरात्रीच्या दोन दिवस आधी. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी मी शेला धरला. आंघोळ केली होती. माझ्या बायकोनं वाटी भरून डाव्या हाताला ठेवली, आकडाही ठेवला. पहिले दोन-चार धागे मी वाटीत बोट बुडवूनच जोडले असतील. मग ताण्याचा शेवट आपला गुण दाखवू लागला. माघाची कोरडी हवा, पिंजलेलं सूत, फणी मारली की तुटतंय. एक जोडावं तर दुसरं जातंय. व्यापारी संध्याकाळी धोतरं न्यायला यायचा होता आणि त्यांच्या घड्या व्हायच्या होत्या. डोक्यात तो व्यापारी, त्याचा आवाज, गल्लीत माग कमी नाहीत हे त्याचं बोलणं. हात आपला चालला होता. आणि हाताला जे वर्षानुवर्षं अंगवळणी पडलं होतं ते तो करत होता, तुटलेलं सूत उचलायचं आणि जिभेला लावायचं. धोट्याच्या भोकाला मी ओठ कधी लावले तेही मला आठवत नाही. एकदा मध्येच ध्यानात आलं. थांबलो. वाटीकडं बघितलं. पण आता अर्धा झालाच आहे, म्हणून पुढं चाललो. दुपार कलायच्या आत शेला कापून मोकळा झालो. सरळ सांगायचं तर मी पाट्या टाकल्या.

शेला घडी करून मी आबांच्या मांडीवर ठेवला. वाटलं, हात फिरवतील, कपाळाला लावतील आणि परत देतील. त्यांनी घडी मोडली. एक टोक डाव्या हातात धरलं आणि उजव्या हाताची बोटं कापडावरून पुढं न्यायला सुरुवात केली. इतकी हळू की मला तिथं उभं राहवेना. बोटं मध्येच थांबायची, मागं यायची, पुन्हा पुढं जायची. जोड जोड लागत होता. काठ आत-बाहेर झालेला लागत होता. सहाच्या सहा हात त्यांनी चाचपले.

मग म्हणाले, "ताण्याच्या शेवटाचा हाय ह्यो."



ते उठले. आई आडवी आली तर तिला हातानं बाजूला केलं. भिंत चाचपत पडवीत आले, खड्ड्याच्या कडेला बसले आणि डाव्या हाताला जिथं वाटी असायची तिथं बरोबर हात नेला. वाटीत बोट घातलं.

"भरल्यालीच हाय की."

"मी मगाशी दुसऱ्यांदा भरली आबा," मी म्हणालो. इतकं धडधडीत खोटं मी आबांशी त्याआधी कधी बोललो नव्हतो आणि ते इतक्या सहज आलं की मलाच नवल वाटलं.

त्यांनी बोट बाहेर काढलं आणि अंगठ्यावर चोळलं. मागाच्या घरात हवेत सतत सुताचं पीस उडत असतं. सकाळी भरलेल्या पाण्यावर दुपारपर्यंत त्याची साय धरते. ती पिसाची साय त्यांच्या बोटाला चिकटून आली होती. त्यांनी ती चोळून तिची बारीक गोळी केली आणि माझ्या दिशेनं हात पुढं धरला. मला ती घ्यावी लागली.

"उंद्या ह्यो देवाला जायाचा न्हाय," ते म्हणाले.

तेव्हा मला राग आला. खोटं पकडलं गेलं की माणसाला जसा राग येतो तसा. मी बोलून गेलो, "देवाला काय कळतंय आबा? दुसऱ्या दिवशी गुरव शेला घरला न्हेतोय. त्याची बायको त्यात पोर गुंडाळती. मी बघितलंय माझ्या डोळ्यानं."

"गुंडाळू दे की," आबा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "त्येच्या बायकूनं काय करायचं ती करंल. आपुन काय दिलं येवढंच आपल्या हातात हाय. न्हाय मनात तर दिऊ नगं. पर अर्धं दिऊन पुरं दिलं म्हनू नगं." आणि धाप ओसरल्यावर म्हणाले, "पुना ताणा चढव. शिवरात्र ग्येली तर ग्येली. कुठल्याबी सोमवारी वाहू."

आईनं विचारलं, "आन मग ह्या शेल्याचं काय करायचं?"

"ऱ्हाऊ दे माझ्या उशाला. देवाला चालंना, मला चालतोय."

शिवरात्रीला आबा माझ्या खांद्याला धरून देवळात आले. पन्नास पावलांना तीनदा बसावं लागलं. मुखवट्याला गुरवानं घरून आणलेला गेल्या वर्षीचाच शेला धुऊन गुंडाळला होता आणि धुतल्यानं लाल काठाचा रंग पांढऱ्यात उतरला होता. गुरवानं विचारलं, "औंदा शेला न्हाय?" आबा म्हणाले, "हाय. तयार न्हाय." त्यांनी एक बेलाचं पान वाहिलं आणि बराच वेळ हात जोडून उभे राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते आजाराचं म्हणावं की कशाचं, मी विचारलं नाही. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी नव्या ताण्याला लागलो. व्यापाऱ्याला सांगितलं, पुढच्या मालाचं एवढ्यात जमायचं नाही, दुसरा माग बघा. तो खरंच दुसरीकडं गेला आणि आकाश काही कोसळलं नाही. हे पंधरा दिवसांपूर्वी करता आलं असतं. ताण्याला दिवस लागतात, ते माझ्या घाईनं कमी होणार नव्हते. सूत भिजवा, ताणा काढा, खळ लावा, वाळवा, मग एकेक धागा जुन्याला सांधा. आबा आतून विचारायचे, "कुटवर आलं?" मी सांगायचो, "खळ लागली." "सांधायला घेतलं." "अर्धं सांधलं." त्यांचा आवाज रोज बारीक होत होता. जेऊरला दिलेल्या बहिणीला आईनं बोलावून घेतलं. ती आली आणि आबांच्या पायाशी बसून राहिली.

जोड पुढं सरकला. चार बोटं सोडली. मी शेला धरला. या वेळी चूळ भरून बसलो होतो आणि दातांत तुळशीची काडी धरली होती, म्हणजे जीभ सुताकडं जाऊ लागली तर आठवण व्हावी. सूत सहसा तुटत नव्हतं. तुटलं की बोट पाण्यात. मी घाई केली नाही. करावीशी वाटत होती, फार वाटत होती, कारण आतल्या खोलीतला श्वास मला ऐकू येत होता. पण घाई केली की पुन्हा तोच शेला होणार हे आता कळलं होतं. बाहेर ऊन होतं, गल्लीत ताण्यांवर कुंचे फिरत होते. माझ्या मनात व्यापारी नव्हता, उद्याचं काही नव्हतं. देव होता असंही म्हणवत नाही. आबांची बोटं होती. ती हे कापड चाचपतील आणि कुठंही थांबणार नाहीत, एवढंच मागणं मी धोट्यागणिक मागत होतो. त्याला प्रार्थना म्हणत असतील तर ती माझ्या आयुष्यातली पहिली खरी प्रार्थना.

तीन हात झाले होते. आतून बहिणीची हाक आली. ती रडतच होती.

माग थांबवून मी आत गेलो तेव्हा सगळं संपलं होतं. आई म्हणाली, "शेवटपातुर ऐकत हुते. हात हलत हुता मांडीवर."

गल्लीतली माणसं जमली. तेलुगू शेजाऱ्यांनी बांबू आणले. अंगावर घालायला कोरं कापड हवं, असं कोणी तरी म्हणालं. मी उठलो आणि कात्री घेतली. मागावर तीन हात शेला होता, माझ्या जिवाच्या करारानं विणलेला. तो कापून आबांवर घालावा, पुरला नाही तर नाही, पण हाच घालावा, असं मला झालं. आईनं माझं मनगट धरलं.

"त्येला कातर लावू नगंस. त्यो देवाचा म्हनून धरलास. तुज्या बानं सांगून ठिवलंय मला, उशाचा घाला म्हनून."

तिनं उशाखालून शेला काढला. इतके दिवस डोकं ठेवून त्याच्या घडीला खड्डा पडला होता. आम्ही तो झटकला आणि आबांवर पसरला. पांढरा शेला, लाल काठ. जमलेल्यांतला एक म्हातारा म्हणाला, "पोरगं विणकर असल्याचं सार्थक झालं बघा." सगळ्यांनी माना हलवल्या. मी जवळ वाकून उभा होतो. कापडावर कुठं कुठं सूत तुटलं होतं आणि कुठं ते मी तोंडानं जोडलं होतं, ती प्रत्येक जागा मला दिसत होती. काही छातीवर आल्या होत्या, एक अगदी हनुवटीजवळ होती. आबांनी बोटानं मोजलेल्या त्या सगळ्या जागा अंगावर घेऊन ते गेले.

उरलेले तीन हात मी तेराव्यानंतर विणले. एका सोमवारी शेला देवळात दिला. गुरवानं तो मुखवट्याभोवती गुंडाळला आणि म्हणाला, "झ्याक झालाय." तो पहिल्या धाग्यापासून शेवटच्या धाग्यापर्यंत नीट झाला होता, हे मला माहीत होतं. पण ते बोटांनी चाचपून सांगणारं माणूस आता नव्हतं.

पुढं मी माग सोडला, गिरणीत लागलो आणि नंतर लिहिता-वाचता झालो. देवळात जातो, पण वाहायला सुपारी मात्र खायचीच विकत घेतो. लोक मला कधी कधी म्हणतात की तुमची देवावर फार श्रद्धा दिसते.  मनापासून विणलेला माझा एकच शेला, तो देवाला मिळाला. आबांना मी दुसरा घातला.